डोळे पाहिले, हात पाहिले नाहीत

साने गुरुजींचं नाव निघालं की अर्ध्या महाराष्ट्राचा कंठ दाटून येतो आणि उरलेला अर्धा गालात हसतो. माझं भांडण दोघांशीही आहे. एकानं गुरुजींना देव्हाऱ्यात बसवलं, दुसऱ्यानं ‘रडके’ म्हणून मोडीत काढलं. डोळ्यांतलं पाणी दोघांनी पाहिलं. हात कुणी पाहिलेच नाहीत.

ते हात बघा, एवढंच आज सांगायचं आहे. गुरुजींच्या वळणाची माणसं आजही गावोगाव आहेत. शाळेत एक गुरुजी असतात, वाचनालयात एक ताई असतात, एखाद्या संस्थेत एक दादा असतात. ते बोलायला लागले की दहा तरुण उठून उभे राहतात, देणगी द्यायची नाही असं ठरवून आलेला माणूस पावती फाडून जातो, आणि रुसून बसलेला कार्यकर्ता परत कामाला लागतो. त्यांच्या जिवावर आपण संस्था चालवतो. त्या माणसांचं काय होतं, ते मात्र बघत नाही. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी बघितलं नाही, अजूनही बघत नाही.

नोकरीच्या ठिकाणी हल्ली स्वभावचाचणी घ्यायची पद्धत पडली आहे. प्रश्नांची लांबलचक यादी, माणसांचे सोळा प्रकार, आणि शेवटी तुम्ही अमुक खान्यातले. कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी कार्ल युंगच्या १९२१ सालच्या ग्रंथाचा आधार घेऊन ही मांडणी उभी केली. सोळांतला एक खाना भारावून टाकणाऱ्या ध्येयवाद्याचा. त्याच्यापुढे दोन रकाने असतात. गुण: माणसं जोडतो, उमेद देतो, दुसऱ्याचं दुःख ओळखतो, स्वतः पुढे होतो. दोष: नाही म्हणता येत नाही, टीका जिव्हारी लागते, सगळ्यांचं ओझं आपल्याच डोक्यावर घेतो. तोच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा चाचणीला बसला तर अनेकदा दुसऱ्याच खान्यात जातो, म्हणून मानसशास्त्रज्ञ या प्रकाराला फारसे मोजत नाहीत. माझा आक्षेप त्या दोन रकान्यांवर आहे. दुसऱ्याचं दुःख ओळखणं आणि दुसऱ्याचं ओझं घेणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. एकच स्वभाव आहे. त्याचं पीक संस्थेच्या कोठारात जातं आणि त्याचं कर्ज तो माणूस एकटा फेडतो. ही वाटणी चाचणी दाखवत नाही. संस्थाचालकांना ती चांगली ठाऊक असते.

आता गुरुजींचे हात.

१९३२ साल, धुळ्याचा तुरुंग. विनोबा दर रविवारी सत्याग्रही कैद्यांसमोर गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारीला पहिला अध्याय, १९ जूनला अठरावा. अठरा रविवार, अठरा अध्याय, एकही खंड नाही. हे बोलणं ध्वनिमुद्रित करायची सोय तिथं नव्हती, लघुलेखकही नव्हता. पांडुरंग सदाशिव साने नावाचा बत्तीस वर्षांचा कैदी पुढ्यात कागद घेऊन बसे आणि बोलण्याच्या वेगानं लिहून घेई. विनोबांच्या बोलण्याची ज्यांना कल्पना आहे त्यांनी हे जरा डोळ्यांसमोर आणावं. तो माणूस एका वाक्यात ज्ञानेश्वरीतून उपनिषदात आणि तिथून शेतातल्या नांगरावर जाणारा. ते ऐकायचं, समजून घ्यायचं, लिहायचं, आणि लिहिताना पुढचं वाक्य निसटू द्यायचं नाही. आज ‘गीता प्रवचने’ देशातल्या कितीतरी भाषांत घरोघर आहे. पुस्तकावर नाव विनोबांचं आहे, ते तसंच असायला हवं. पण ते पुस्तक आहे, याचं कारण धुळ्यात राबलेला एक उजवा हात आहे.

पुढच्याच वर्षी नाशिकचा तुरुंग. गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ‘श्यामची आई’ लिहायला घेतलं आणि सोमवारी, १३ फेब्रुवारीच्या पहाटे हात थांबवला. पुस्तकाचा बहुतेक भाग त्या पाच दिवसांतला. दिवसा तुरुंगाचं काम चुकत नव्हतंच, लिहायचं ते रात्री आणि पहाटे. ज्यांना हे पुस्तक भाबडं वाटतं त्यांचं मत त्यांच्यापाशी राहो. पण सक्तमजुरीच्या दिवसानंतर रात्र-रात्र बसून एवढं लिहिणाऱ्याला मऊ म्हणायचं असेल, तर आपण मऊ कशाला म्हणतो ते एकदा तपासावं लागेल.

त्याआधी अमळनेर. १९२४ ते १९३० ते तिथल्या हायस्कुलात शिक्षक होते आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलं शाळेत गेली की हे खोल्या झाडत, विस्कटलेली अंथरुणं नीट लावत, कुणाचे कपडे धुऊन ठेवत, आजारी मुलापाशी रात्र काढत. वसतिगृहात ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक निघे. रोजच्या रोज, एकटाकी, गुरुजींच्या अक्षरात. मुलांना सकाळी उठल्यावर ते वाचायला मिळे. शिस्तीचा बडगा न उगारता मुलं आपली आपण खोली आवरू लागली, हे त्या वेळच्या विद्यार्थ्यांनी म्हातारपणी सांगून ठेवलं आहे.

इथं या स्वभावाची कामाची पहिली रीत दिसते. ही माणसं हुकूम सोडत नाहीत. जे काम दुसऱ्यानं करावंसं वाटतं ते आधी स्वतः करतात, आणि समोरच्याला बसून राहणं अवघड करतात. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला मोठमोठी नावं आहेत. साधं सांगायचं तर झाडू आधी स्वतः हातात घ्यायचा. याच्याइतकी दुसरी परिणामकारक रीत मी पाहिलेली नाही. तिचा धोका तिच्यातच आहे. झाडू एकदा हातात घेतला की तो खाली ठेवायची वेळ येत नाही, कारण भोवतालचे सगळे हळूहळू धरून चालतात की झाडायला गुरुजी आहेत.

दुसरी रीत म्हणजे एका वेळी दहा कामं, आणि दहाही मनापासून. गुरुजींच्या कामाची यादी पाहून दम लागतो. खानदेशातल्या शेतकऱ्यांचा शेतसारा माफ व्हावा म्हणून मोर्चे, अमळनेरच्या गिरणी कामगारांची संघटना, १९३६च्या फैजपूर काँग्रेससाठी गावोगाव पायपीट, ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक, बेचाळीसला भूमिगत काम, राष्ट्र सेवा दलाची शिबिरं. त्याच्या जोडीला कादंबऱ्या, चरित्रं, ‘भारतीय संस्कृती’सारखा निबंधग्रंथ. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतले सत्याग्रही भेटले, तर तमिळची गोडी लागली आणि ‘कुरल’ मराठीत आणला. प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, या त्यांच्या आंतरभारतीच्या कल्पनेचं बीज तिथलं.

या सगळ्यात मला सर्वांत मोठं वाटणारं काम फारसं कुणी बोलून दाखवत नाही. जात्यावर बसलेल्या, पाळणा हलवणाऱ्या बायकांच्या ओव्या त्यांनी जमवल्या आणि ‘स्त्री जीवन’ या नावानं दोन भागांत छापल्या. सभा गाजवणारा पुढारी घराच्या मागल्या दारी जाऊन बसतो, बाईला म्हणायला लावतो, आणि ती म्हणेल ते अक्षर न बदलता उतरवतो. लाजऱ्या, अनोळखी पुरुषासमोर तोंड न उघडणाऱ्या बायका याच्यासमोर कशा बोलल्या असतील? आपलं कुणी ऐकतंय, खरंच ऐकतंय, हे माणसाला लगेच कळतं. भारावून टाकणाऱ्या माणसाची ताकद व्यासपीठावर दिसते, असं आपण समजतो. ती खरी कमावली जाते ती अशी मागल्या दारी, ऐकून.

आणि आता पंढरपूर. या स्वभावाचं बळ आणि या स्वभावाची जोखीम, दोन्ही जिथं लखलखीत दिसतात ती जागा.

विठ्ठलाच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश नव्हता. चोखोबाची समाधी महाद्वाराशी, बाहेर. शेकडो वर्षं वारी चालली, अभंग म्हटले गेले, दार बंदच. १९४६च्या अखेरीस गुरुजींच्या मनानं घेतलं की दार उघडेपर्यंत उपोषण करायचं. हा या स्वभावाचा अस्सल निर्णय: आतून आला, एकट्यानं घेतला, आणि पणाला लावलं ते स्वतःला. सेनापती बापट मध्ये पडले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आधी लोकांत जा, दौरा काढा, लोकमत तयार करा, मग उपोषणाचं बघू. गुरुजींनी ऐकलं. मग काही महिने महाराष्ट्र पालथा घातला. सेवा दलाचं कलापथक बरोबर, गावोगाव सभा, आणि वाटेत कितीतरी गावांच्या विहिरी आणि देवळं सगळ्यांसाठी खुली होत गेली. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं तेव्हा मागे सबंध महाराष्ट्र जागा झालेला होता. विरोधकही गप्प नव्हते. गुरुजी मेले तरी दार उघडणार नाही, असं उघड म्हणणारे होते.

मग दिल्लीहून गांधीजींची तार आली, उपोषण सोडा म्हणून. त्यांच्याकडे माहिती चुकीची पोचली होती. गुरुजींच्या मनात गांधीजींचं स्थान काय होतं ते सांगायला नको. तरी त्यांनी उपोषण सोडलं नाही. भक्त म्हणवणाऱ्या माणसानं आपल्या दैवताला नम्रपणे ‘नाही’ म्हटलं. हा प्रसंग आपल्या पाठ्यपुस्तकांत मोठ्या अक्षरांत असायला हवा. गुरुजींना ‘हळवे’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी सांगावं, ज्यांच्या चरणी आपली निष्ठा आहे त्यांना आपण आयुष्यात कधी असं ‘नाही’ म्हटलंय का? ग. वा. मावळंकरांनी मध्यस्थी केली आणि १० मे रोजी उपोषण सुटलं. दार उघडलं.

हा विजय उपोषणाचा, असं सगळे म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे. विजय दौऱ्याचा होता. सेनापतींनी गुरुजींना जे महिने दिले, त्यांचा होता. ध्येयवाद्याच्या बाजूला कुणीतरी असा खंबीर माणूस लागतो, जो त्याच्या तळमळीवर शंका घेत नाही आणि त्याच्या वेळापत्रकावर मात्र घेतो. ‘तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण आज नाही.’ हे वाक्य म्हणणारा मित्र मिळाला तर या स्वभावाकडून डोंगर हलतात.

पंढरपूरची एक बोचणारी बाजूही सांगायला हवी. ज्यांच्यासाठी हे दार उघडायचं होतं, त्यांच्यातला मोठा वर्ग तोवर दारापासून पुढे निघून गेला होता. बाबासाहेबांनी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू केला. पाच वर्षं दाद मिळाली नाही, आणि १९३५ साली येवल्यात त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. त्यानंतर मंदिरप्रवेश हा त्यांच्या लेखी प्रश्नच उरला नाही. सत्ता, शिक्षण, कायदा ही त्यांची वाट होती. गुरुजींचं आवाहन खरं तर सवर्णांना होतं, की हा कलंक तुमचा आहे, तो तुम्ही पुसा. त्या अर्थानं ते योग्यच होतं. तरी भारावलेल्या माणसानं आणि त्याच्या मागच्या गर्दीनं अधूनमधून थांबून विचारायला हवं: आपण ज्यांच्यासाठी जीव पणाला लावतोय त्यांना नेमकं काय हवंय? मनाच्या उमाळ्यात हा प्रश्न राहून जातो. हा दोष आणि पंढरपूरचं बळ एकाच ठिकाणाहून येतात.

मोठा धोका पुढे होता. स्वतःचं शरीर पणाला लावणं ही एकदा यशस्वी झालेली रीत. १९४८च्या जानेवारीत गांधीजींचा खून झाला, खुनी महाराष्ट्रातला निघाला, आणि गुरुजींनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. पाप दुसऱ्याचं, प्रायश्चित्त यांचं. आम्ही महाराष्ट्रीय लोकांनी त्या वेळी काय केलं? त्यांना वंदन केलं. ‘तुम्ही आमच्या वतीनं सोसलंत’ म्हणालो आणि आपापल्या कामाला लागलो. ज्याला दुसऱ्याचं दुःख आपलं वाटतं त्याला भोवतालच्या माणसांनी ते दुःख वाटून घेऊन हलकं करायचं असतं. आपण ते त्याच्याकडे ठेवायला दिलं.

त्याच वर्षी ‘कर्तव्य’ नावाचं सायंदैनिक काढलं, ते फार चाललं नाही. बंद पडल्यावर दुसरा कुणी दोन वर्षं थांबला असता. गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. अंकासाठी स्वतः लिहायचं, पुतणी सुधाला पत्रं लिहायची, तीही अंकात छापायची. ती ‘सुंदर पत्रे’ आज वाचा. झाडं, पक्षी, नदी, पुस्तकं, मुलीनं कुतूहलानं विचारावं असं सगळं त्यांत आहे. वाचणाऱ्या कुणालाही वाटेल, लिहिणारा आनंदात असेल.

११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपलं आयुष्य आपल्या हातानं संपवलं. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

या मृत्यूला आपण भारदस्त शब्द देऊन ठेवले आहेत. ‘प्राणार्पण’ म्हणतात, ‘आत्मविसर्जन’ म्हणतात. मला ते शब्द सहन होत नाहीत. देशाच्या दुःखानं गेले, असं म्हणून आपण मोकळे होतो, आणि एक थकलेला माणूस आपल्यात वावरत होता ही गोष्ट झाकून टाकतो. एका माणसाच्या मनात त्या रात्री काय होतं, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. पण त्या मरणाचा गौरव करायचा नाही, एवढं आपल्या हातात आहे. आज तुमच्या संस्थेतला हसतमुख, सगळ्यांना उमेद देणारा माणूस ‘आता कशातच राम वाटत नाही’ असं म्हणाला, तर त्याला हार घालू नका, भाषणाला उभं करू नका. त्याच्या शेजारी बसा, त्याला डॉक्टरकडे घेऊन जा, आणि त्या आठवड्याची त्याची सगळी कामं वाटून घ्या. उमेद देणाऱ्याची उमेद संपू शकते. ती संपताना बाहेर दिसत नाही, कारण दिसू न देण्याची त्याला सवय झालेली असते.

एका शाळेच्या स्टाफरूममध्ये मी हे जवळून पाहिलं आहे. शाळेचं नाव सांगत नाही, कारण तशा शंभर असतील. स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन, सहल, दहावीचे जादा तास, गळती झालेल्या मुलांच्या घरी जाणं, सगळं एका बाईंकडे. बैठकीत नवीन काम आलं की मुख्याध्यापक सगळ्यांकडे एकदा नजर फिरवायचे आणि बाईंवर थांबायचे. मग तेच वाक्य यायचं: ‘बाई, तुमच्यासारखं कुणाला जमणार?’ बाकीचे माना डोलवायचे, एक-दोघं टाळी द्यायचे, आणि बाई वहीत लिहून घ्यायच्या. वहीच्या त्या पानावर आधीच खाली जागा नव्हती. त्यांनी समासात लिहिलं. बैठकीनंतर त्यांच्या टेबलावरचा तपासायच्या वह्यांचा गठ्ठा कुणी उचलला नाही.

‘तुमच्यासारखं कुणाला जमणार’ हे वाक्य कौतुकाचं नाही. ते काम ढकलण्याचं वाक्य आहे. ज्या संस्थेत ते दर बैठकीत ऐकू येतं तिथं एका माणसाचा बळी चालू आहे, आणि बाकीच्यांना ते माहीत आहे.

यात ध्येयवादी माणसांचंही चुकतं, आणि ते स्पष्ट सांगायला हवं, कारण त्यांच्यावर प्रेम आहे. ही माणसं काम वाटून देत नाहीत. दिलं तर परत घेतात, कारण दुसऱ्यानं केलेलं त्यांच्या मनासारखं होत नाही. हिशेब उद्यावर टाकतात. बैठकीचा शेवट संकल्पानं करतात, इतिवृत्त मात्र लिहीत नाहीत, त्यामुळे कुणी काय करायचं ते पुढच्या बैठकीत पुन्हा ठरवावं लागतं. चुकलेल्या सहकाऱ्याला तोंडावर बोलत नाहीत, मग त्याचं काम रात्री स्वतः करतात आणि मनात कुढतात. लहानशी टीका आली की तीन दिवस झोप नाही. मोठी स्तुती झाली तर मात्र ती पंधरा मिनिटांत विसरतात. या सवयी मोडता येतात. सद्गुणांच्या नावाखाली त्या जपायचं काही कारण नाही.

या सवयींशिवाय ध्येयवाद चालवल्याचे दाखले आपल्याकडेच आहेत. महर्षी कर्वे बघा. फर्डे वक्ते म्हणून त्यांची ख्याती नव्हती. त्यांच्यामागे गर्दी धावत नसे. पण पै-पैचा हिशेब चोख, आणि काम एका वेळी एक. पुण्याहून हिंगण्याच्या आश्रमाकडे ते पायी जात, फर्ग्युसनात गणित शिकवून झाल्यावर. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम, वीस वर्षांनी, १९१६ साली, महिला विद्यापीठ. ध्येयवाद तोच, चाल वेगळी. आयुष्य १०४ वर्षांचं. स्वभाव उसना घेता येत नाही, पण हिशेबाची वही घेता येते.

बाबा आमट्यांचा दाखला तर गुरुजींच्या अगदी जवळचा. तोच उमाळा, तीच भारावून टाकणारी वाणी. १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं, १९७३ साली हेमलकसा. १९९० साली, पंचाहत्तरी गाठलेली, पाठीचा कणा बसू देत नाही, आणि बाबा नर्मदेच्या काठी कसरावदला मुक्कामाला गेले. हे त्यांना जमलं, कारण आनंदवनातली चूल, शेती, दवाखाना, उद्योग दुसऱ्या हातांत भक्कम होते. तिथं डॉ. विकास होते, तिकडे हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी होते. बाबांच्या पत्नी साधनाताईंचं ‘समिधा’ हे आत्मचरित्र प्रत्येक विश्वस्तानं वाचावं. एका झपाटलेल्या माणसामागे घर कसं उभं ठेवावं लागतं, आणि ते ठेवणाऱ्या बाईचं नाव किती उशिरा घेतलं जातं, ते त्यातून कळतं.

मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञानं करिष्म्याचं वर्म शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे. करिष्मा माणसापाशी असतो, माणसाबरोबर जातो. तो टिकवायचा तर त्याचं नियमांत, पदांत, रोजच्या कामात रूपांतर करावं लागतं. गुरुजींच्या बाबतीत एवढं तरी घडलं, याचं मला मनापासून समाधान आहे. ‘साधना’चं संपादन गुरुजींना दोन वर्षंही करता आलं नाही. पुढे आचार्य जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धन आले, मग यदुनाथ थत्ते, वसंत बापट, ग. प्र. प्रधान. १९९८ पासून डॉ. नरेंद्र दाभोलकर. दाभोलकर म्हणजे ध्येयवाद आणि घड्याळ यांचं दुर्मीळ लग्न. कबड्डीचे खेळाडू, पेशानं डॉक्टर, राहायचे साताऱ्यात, आणि ‘साधना’साठी दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी पुण्यात. त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं त्यांच्या भाषणांइतकंच त्यांच्या वेळेच्या शिस्तीबद्दल बोलतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांना मारलं. ‘साधना’ थांबली नाही, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम थांबलं नाही. दुसरी फळी तयार होती, आणि ती त्यांनी स्वतः तयार केलेली होती.

आता विश्वस्तांनो, मुख्याध्यापकांनो, अध्यक्षांनो, थेट तुमच्याशी. तुमच्या संस्थेत असा माणूस असेल तर त्याच्या नावापुढे किती कामं आहेत ते आज कागदावर लिहा. तीनच्या वर असतील तर बाकीची काढून घ्या, त्यानं कितीही नको म्हटलं तरी. त्याचं मानधन थकलं असेल तर आधी ते द्या. ‘ते कधी मागत नाहीत’ ही सबब सांगू नका, ते मागत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणूनच ते थकलं. हिशेबाला वेगळा माणूस नेमा. दरवर्षी सक्तीची रजा द्या आणि त्या रजेत फोन करू नका. आणि त्याच्या बाजूला एक असा माणूस बसवा, ज्याला त्याच्या शब्दांची भुरळ पडत नाही, जो त्याचं ऐकून घेऊन म्हणेल: आधी दौरा, मग उपोषण.

२४ डिसेंबरला गुरुजींची जयंती आहे. शाळाशाळांत कथाकथन होईल, निबंध स्पर्धा होतील, मुलं श्यामच्या तळपायांची गोष्ट सांगतील, समोर बसलेल्या आया डोळे पुसतील. ते सगळं व्हावं. कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गुंडाळायला मात्र तो कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईंना थांबवू नका. मुख्याध्यापकांनी एक टोक धरावं, संस्थेच्या चिटणीसांनी दुसरं.